काल्पनिक ग्रहावरचा वाहता लाव्हा

ठाणे-नवी मुंबईत सिनेमासाठी ज्वालामुखीच्या ग्रहाचं मिनिएचर (छोटं मॉडेल) बनवताय? आधी पारसिकच्या डोंगराचा कातळ जवळून बघा, तो थिजलेला लाव्हाच आहे. मॉडेलवरच्या तड्यांची नक्कल तिथूनच उचला.

वाहत्या लाव्हासाठी 1 लिटर पाण्याला 20 ग्रॅम मिथाइल सेल्युलोज (पाणी घट्ट करणारी पावडर) घ्या. पावडर थेट थंड पाण्यात टाकलीत की गुठळ्या झाल्याच! वरून भिजते, आत कोरडीच राहते. एक तृतीयांश पाणी 80 अंशांपर्यंत तापवून त्यात ती कालवा, मग उरलेलं बर्फगार पाणी ओता. गार होता होता घट्ट होईल. बुडबुडे जायला रात्रभर ठेवा. केशरी रंग घालून अ‍ॅक्रिलिकच्या पारदर्शक शीटवर ओता, खालून दिवा लावा. कडा मात्र काळपट लाल हव्यात, कारण लाव्हा थंडावतो तो कडेनं. 1:25 मॉडेल (खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं) सेकंदाला 120 फ्रेम्सवर शूट करा, म्हणजे नेहमीच्या वेगानं दाखवताना हालचाल संथ होते; नाहीतर डोंगर खेळण्यातला वाटतो.