हर्णैला जाताय? भरतीची वेळ कॅलेंडरवरच काढा

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर बऱ्याच जणांचं होतं काय, समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला बघायला म्हणून येतात आणि नेमकी भरती-ओहोटीची वेळ चुकते, मग होडीसाठी उन्हात ताटकळत बसायचं. कोकणातले जुने लोक यासाठी मोबाईल बघत नाहीत, तिथी बघतात.

१. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाची तिथी बघा, शुक्ल असो की वद्य, प्रतिपदा म्हणजे १ आणि पौर्णिमा-अमावस्या म्हणजे १५.
२. त्या आकड्याची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साधारण ६ ला पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ.
३. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी.

एवढं कळलं की होडीवाल्या दादांना आदल्या दिवशीच फोन करून कधी निघायचं ते विचारता येतं, आणि दुपारनंतरच्या मासळीच्या लिलावाला पण वेळ उरतो. तो लिलाव खरंच चुकवू नका, ढीगच्या ढीग मासळी किनाऱ्यावर उतरते, आपल्याला दोन वेळचीच हवी असेल तर बाजूला बसलेल्या मावशींकडून घ्या, लिलावात मोठा वाटा उचलावा लागतो. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा लिलावासाठी जाऊ नका.

फक्त एक, हा हिशोब अंदाजाचा आहे, तासभर इकडेतिकडे होतो. पाण्यात उतरायचं की नाही ते तिथल्या कोळ्यांना विचारूनच ठरवा.