फ्रीस्टँडिंग टब घ्यायचाय? मग आधी गीझर बघा

इन्स्टावर तो फ्रीस्टँडिंग, म्हणजे भिंतीला न चिकटता एकटाच उभा असलेला टब कसा दिसतो माहितीये ना, खिडकीपाशी, अंड्यासारखा पांढराशुभ्र, शेजारी मेणबत्ती आणि एक मनी प्लांट. आम्हालाही तस्साच हवा होता. कोथरूडच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं तेव्हा बाथरूम आणि शेजारचा संडास यांच्यामधली चार इंची विटांची भिंत पाडून एकच मोठं बाथरूम केलं, साधारण ८ बाय ९ फुटांचं, आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघं शोरूममध्ये जाऊन टब बघायला लागलो. चूक तिथेच झाली. टब बघायचा असतो सगळ्यात शेवटी, पण विकत घ्यायचा असतो प्लंबिंग सुरू व्हायच्या आधी, आणि या दोन्हीच्या मध्ये जे काही करायचं असतं त्यावरच हे सगळं लिहितेय.

पाण्यापासून सुरू करू. साधारण साडेपाच फुटी टबच्या माहितीपत्रकात ओव्हरफ्लोपर्यंत (काठाखालचं जास्तीचं पाणी जायचं भोक) २३०-२५० लिटर वगैरे लिहिलेलं असतं. आपण आत बसल्यावर पाणी वर चढतं, त्यामुळे प्रत्यक्षात १८० लिटरच्या आसपास भरावं लागतं असं धरा. आता जानेवारीत टाकीचं पाणी २२ डिग्रीचं असेल आणि टबमध्ये ४० डिग्री हवं असेल, तर ६० डिग्रीला तापलेल्या गीझरमधून साधारण ८५ लिटर कडक पाणी लागतं, बाकीचं गार. आपल्याकडे गीझर असतो १५ नाहीतर २५ लिटरचा. २५ लिटरवाल्यात टबाचं पन्नास-बावन्न लिटर पाणी होतं, म्हणजे घोट्यापर्यंत. मग अर्धा तास थांबा, परत तापवा, तोवर आधीचं गार. माझ्या नवऱ्याने पहिल्या रविवारी शेवटी गॅसवर पातेली तापवून ओतली, टॉवेल गुंडाळून, आणि मी दारात हसत उभी.

म्हणून टब ठरवायच्या आधी हे ठरवा की पाणी तापणार कशावर. १०० लिटरचा स्टोरेज गीझर मिळतो, पण भरल्यावर तो सव्वाशे किलोच्या घरात जातो, चार इंची भिंतीवर टांगू नका, आणि २ किलोवॉटचा असेल तर दोन तास आधी चालू करावा लागतो. वीज मात्र वाटते तेवढी जळत नाही, एका टबाला पावणेचार युनिटच्या आसपास. सोलर असेल तर उत्तमच, पण सोसायटीचं सोलर असेल तर गरम पाणी येतं पहाटे आणि तुम्हाला टबात बसायचं असतं रात्री, हेही बघा. गॅस गीझर मिनिटाला ६ लिटर देतो म्हणजे टब अर्ध्या तासात भरतो, पण तो बाथरूमच्या आत अजिबात नको, बाहेर ड्राय बाल्कनीत किंवा मोकळ्या हवेत लावा, कार्बन मोनॉक्साइडने बंद बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आम्ही शेवटी १०० लिटरचा घेतला आणि नऊ इंची बाहेरच्या भिंतीवर लावला.

आणि एक गोष्ट मनाशी कबूल करून टाका. बादलीने अंघोळ म्हणजे तीसेक लिटर. एक टब म्हणजे घरातल्या सहा जणांच्या अंघोळी. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येत असताना टब भरायला जीव होत नाही, आमचा टब त्या दोन महिन्यांत कोरडाच असतो. तुमच्याकडे रोज टँकर येत असेल तर खरं सांगू का, नका घेऊ.

आता स्लॅब. अॅक्रिलिकचा टब ४०-५० किलोचा, त्यात १८० किलो पाणी, त्यात माणूस ७० किलोचा, झाले तीनशे. कास्ट आयर्नचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असेल तर नुसता टबच दीडशे किलोच्या पुढे, म्हणजे बेरीज चारशेवर. हे सगळं वजन सव्वा-दीड चौरस मीटरवर येतं. बाथरूमच्या स्लॅबचं डिझाइन आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, धरून करतात. घाबरायचं कारण नाही, बाकीचं बाथरूम रिकामंच असतं आणि वजन आजूबाजूला वाटलं जातं, पण जुनी बिल्डिंग, त्यात संकन स्लॅबमध्ये (बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब) आधीच फूटभर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, भरलेला, आणि वर कास्ट आयर्न, असं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा बोलवाच, त्याची फी जास्त वाटेल पण झोप लागेल. बाल्कनी आत घेऊन तिथे टब ठेवायची आयडिया काही लोक देतात, व्ह्यू छान येतो म्हणे. खाली आधार नसलेल्या, बाहेर झुकलेल्या कँटिलिव्हर स्लॅबवर तीनशे-चारशे किलो ठेवायचे नाहीत, विषय संपला.

मटेरियलचं थोडक्यात सांगते. अॅक्रिलिक हलकं, हाताला गार लागत नाही, बारीक चरे पॉलिश करून जातात. नव्वद टक्के घरांना हेच पुरे. फक्त घेताना तळाला अंगठ्याने जोरात दाबून बघा आणि शक्य असेल तर आत उभं राहून बघा, कुरकुरला किंवा लवला तर सोडून द्या. फायबरचा, वर जेलकोटचा पातळ थर असलेला स्वस्त टब काही वर्षांत पिवळा पडतो. स्टोन रेझिनचा किंवा सॉलिड सरफेसचा दिसायला सुंदर, जड, मॅट, चरा पडला तर घासून काढता येतो. कास्ट आयर्न आधी सगळी उष्णता स्वतः पिऊन घेतो आणि मग बराच वेळ ऊब धरून ठेवतो, आणि एनॅमल (वरचा काचेसारखा लेप) नीट ठेवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. गंमत म्हणजे अमेरिकेत १८८३ साली जॉन मायकेल कोहलरने जनावरांसाठीच्या लोखंडी डोणीला आतून एनॅमल चढवलं, खाली चार पाय लावले आणि बाथटब म्हणून विकली, तिथून त्या कंपनीचा हा धंदा सुरू झाला. आपल्याकडे आजीच्या न्हाणीघरात बंबाशेजारी तांब्याचं घंगाळ होतंच की, फक्त आपण त्यात बसायचो नाही, तांब्याने पाणी घ्यायचो.

काळा मॅट टब फोटोत भारी दिसतो, पण बोअरचं किंवा टँकरचं क्षाराचं पाणी असेल तर आठवड्यात त्यावर पांढरे नकाशे उमटतात. पांढरा ग्लॉसी घ्या, डाग पडले तरी दिसत नाहीत. आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की टबला अॅसिड नको, टॉयलेट क्लीनर नको, तारेची घासणी तर नकोच. भांड्याचं लिक्विड आणि मऊ स्पंज, बास. वापरून झाल्यावर फडक्याने कोरडा केला तर क्षार बसतच नाहीत, पण ते कोण करतंय.

साइज ठरवताना बाहेरच्या मापावर जाऊ नका. १७०० मिलिमीटरचा टब आत तळाशी जेमतेम ११००-१२०० असतो, कारण दोन्ही टोकं तिरकी असतात. म्हणून चपला काढून शोरूममध्ये आत बसा. लाजू नका, सेल्समनला सवय असते. पाठ टेकते का, पाय पलीकडे पोचतात का, की घसरत घसरत खाली जाताय, उंची कमी असेल तर मोठ्या टबात माणूस तरंगायलाच लागतो. मी पाच फूट एक इंच, मला १५०० चाच बरा वाटला, नवऱ्याला १७०० हवा होता, शेवटी १६०० वर तह झाला.

टबाभोवती सगळीकडून निदान सहा इंच जागा सोडा, पोछा आणि हात आत जायला हवा, नाहीतर टबामागे केस आणि साबणाचा जो गाळ साठतो तो वर्णन करण्यासारखा नाही. बाथरूम ५ बाय ८ चं असेल, म्हणजे बहुतेक फ्लॅटमध्ये असतं तेवढं, तर खरा फ्रीस्टँडिंग बसवण्याचा हट्ट नको, एक बाजू सपाट असलेला भिंतीला चिकटवायचा टब मिळतो, दिसायला जवळपास तसाच. आणि हो, आत आणणार कसा ते मोजा. बाथरूमचं दार अडीच फुटी असतं, टब आडवा करून जातो बहुतेक, पण लिफ्ट, जिना, पॅसेजचं वळण या तिन्ही ठिकाणी टेप लावा.

टबाचा काठ जमिनीपासून ५५-६० सेंटीमीटर वर असतो आणि बसायला कडेला कट्टा नसतो. घरात गुडघेदुखीवालं कोणी असेल तर टब अगदी मध्यभागी मांडू नका, भिंतीजवळ घ्या आणि तिथे पकडायला मजबूत दांडा बसवा. आमच्या सासूबाई एकदाच बसल्या, उठवायला आम्ही दोघं लागलो. दिवाळीत अभ्यंगस्नान टबात करायचं खूळ डोक्यात असेल तर सांगते, तेलाने टब असा निसरडा होतो की उभं राहणं अशक्य, आणि उटण्याचा चोथा पाइपात जाऊन बसतो. तेल-उटणं शॉवरखाली, मग टब.

आता खरा महत्त्वाचा भाग, ड्रेन. माझ्या भावाने नाशिकला घर बांधताना टबच्या ड्रॉइंगवरून जमिनीत पाइप काढून ठेवला, टाइल्स झाल्या, ग्राउटिंग झालं, मग टब आला, आणि त्याचं भोक पाइपापासून चार इंच बाजूला. दुकानदार म्हणाला मॉडेल अपडेट झालंय साहेब. नवी कोरी टाइल फोडली. म्हणून टब आधी साइटवर आणा, पुठ्ठ्यावर उपडा ठेवून त्याच्या तळाचा आकार आणि भोक काढून घ्या, तो पुठ्ठा जमिनीवर ठेवून प्लंबरला खूण करायला लावा. ड्रॉइंगवर विश्वास नको. आणि टब आला की त्याची प्लास्टिकची फिल्म काढू नका, जाड गोधडीत गुंडाळून दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा, नाहीतर गवंडी त्यात उभा राहून वरची टाइल लावणार, नाहीतर त्यातच सिमेंट कालवणार.

टबाच्या पाण्याला स्वतंत्र ट्रॅप (पाणी साठवून गटाराचा वास अडवणारं वळण) द्या आणि पाइप दोन इंची घ्या. बरेच प्लंबर टबाचा पाइप बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्येच जोडून मोकळे होतात, मग तुम्ही टबाचं बूच काढलं की १८० लिटर पाणी नहाणीच्या जाळीतून कारंज्यासारखं वर येतं. दुसरं म्हणजे टबाखालचा लवचिक पाइप जमिनीतल्या पाइपात नुसता खुपसून ठेवतात, सील न करता, आणि मग वास आणि झुरळं. रबरी सील लावून घ्या, तुमच्यासमोर. जमिनीचा ढाळ नहाणीकडे हवाच, टबामागे सांडलेलं पाणीसुद्धा वाहून आलं पाहिजे, पण टब स्वतः लेव्हलमध्ये हवा, म्हणून खाली फिरवून वर-खाली करता येणारे पाय असलेला टब घ्या. त्या पायांखालची टाइल पोकळ राहिली असेल तर तडकते, बसवायच्या आधी नाण्याने ठोकून आवाज ऐका.

नळाबद्दल माझं मत बहुतेक आर्किटेक्टना आवडणार नाही. जमिनीतून वर येणारा उंच नळ फोटोत देखणा असतो, पण तो टाइल्सच्या आधी काँक्रीटमध्ये घट्ट बसवावा लागतो, नाहीतर डुगडुगतो, वॉटरप्रूफिंगला आणखी एक भोक पडतं, आणि काही बिघडलं तर फरशी फोडा. टब भिंतीजवळ असेल तर भिंतीतून येणारा लांब स्पाउट घ्या, सोबत हँड शॉवर, केस धुवायला आणि टब धुवायलाही तोच लागतो. प्रेशरही बघा. १० मीटर उंचीवर टाकी असेल तेव्हा १ बार प्रेशर मिळतं आणि बऱ्याच मिक्सरना तेवढं लागतं. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच, म्हणजे प्रेशर पंप लागणारच, त्याचा पॉइंट आणि वायरिंग आत्ताच काढा. जकूझीवाला टब घेणार असाल तर अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की लगेच बंद करणारा स्विच) हवाच, पण मी तर म्हणेन घेऊच नका, त्या आतल्या नळ्यांत बुरशी धरते आणि साफ करता येत नाही.

टाइल्सच्या आधी वॉटरप्रूफिंग झालं की बाथरूममध्ये पाणी तुंबवून निदान ४८ तास ठेवा आणि खालच्या काकूंकडे चहाला जा, छत बघायला. टब बसल्यावर परत एकदा, यावेळी तो ओव्हरफ्लोपर्यंत भरा, बूच एकदम काढा, नहाणीत पाणी वर येतंय का बघा, टॉर्च घेऊन पोटावर झोपा आणि टबाखाली ओल आहे का ते बघा, आणि मग परत काकूंकडे जा. प्लंबरचे शेवटचे पैसे काकूंचं छत दुसऱ्या दिवशीही कोरडं दिसल्यावरच द्या.