सूर्यमालेची प्रश्नमंजूषा: या चुका टाळा

शाळेतली स्पर्धा असो की नोकरीसाठीची परीक्षा, सूर्यमालेवरचे प्रश्न म्हणजे फुकटचे गुण असं समजणारे बरेच जण नेमके तिथेच गुण घालवतात. ग्रहांची नावं तोंडपाठ असतात, क्रमही चुकत नाही. गडबड होते ती पुढच्या प्रश्नाला, आणि बऱ्याचदा त्यात प्रश्न काढणाऱ्याचाही हात असतो.

सर्वांत उष्ण ग्रह कोणता? ‘बुध’ लिहून मोकळे होणारे अजूनही चिक्कार. सूर्याच्या जवळ तो जास्त तापणार, हा हिशोब वरवर पटतो. पण बुधाला उष्णता धरून ठेवणारं वातावरणच नाही. दिवसा ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला पृष्ठभाग रात्री उणे १८० पर्यंत उतरतो. शुक्रावर दिवस-रात्र सारखेच साधारण ४६५ अंश, कारण तिथल्या दाट वातावरणात ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. उत्तर ‘शुक्र’ आहे एवढंच पाठ केलं तर मूळ समजूत डोक्यात तशीच राहते आणि ऋतूंच्या प्रश्नाला पुन्हा वर येते.

‘उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते’ हे वाक्य पदवीधर माणसंही छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. नाशिककर तेव्हा शेकोटी पेटवून बसलेले असतात. सर्वांत लांब जाते जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. एखादा तरीही ऐकत नसेल तर त्याला क्रिकेटचं विचारा. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याकडे पहाटे सुरू होणाऱ्या मेलबर्नच्या कसोटीत प्रेक्षक टोप्या घालून उन्हात का बसलेले असतात? पृथ्वी जवळ आल्यामुळे उन्हाळा होत असता तर तो दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी यायला हवा होता. खरं कारण म्हणजे पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल.

ही चूक इतकी चिवट असण्याला पुस्तकातली आकृती बरीचशी जबाबदार आहे, असं माझं मत आहे. कक्षा तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढतात, त्यामुळे ती अंड्यासारखी दिसते आणि सूर्य एका टोकाला सरकतो. जवळचं आणि लांबचं अंतर यांत फरक जेमतेम तीन टक्क्यांचा. खरी कक्षा कागदावर काढायची तर सरळ कंपास घेऊन वर्तुळ काढावं, डोळ्यांना फरक कळणारही नाही. तक्त्यावरच्या अंतरांचंही तेच. फळ्यावर एक मीटर व्यासाचा सूर्य काढला तर त्याच मापाने पृथ्वी नऊ मिलिमीटरची होईल आणि ती शाळेच्या मैदानात १०७ मीटरवर ठेवावी लागेल. नेपच्यून सव्वातीन किलोमीटरवर, म्हणजे बहुधा दुसऱ्याच गावात!

याच्याच जोडीचा चूक की बरोबर प्रश्न: ‘रोज दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो.’ महाराष्ट्रात हे वर्षातून दोनदाच घडतं. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, आणि तेही साडेबारा वाजून गेल्यावर. त्या वेळी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैचा दिवस बहुतेक वेळा ढगांत जातो, म्हणून प्रयोग मे महिन्यात करावा.

चंद्राच्या कलांचा प्रश्न तपासताना एक करा. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असं उत्तर आलं की नुसती फुली मारू नका, शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी मुलांना गच्चीवर न्या. सूर्य पश्चिमेला टेकलेला, अर्धा चंद्र दक्षिणेकडे उंच. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे पूर्वेकडे पडणार. मग ती चंद्रापर्यंत पोहोचली कशी? ती पोहोचते फक्त चंद्रग्रहणात, तेही पौर्णिमेलाच. एरवी आपल्याला चंद्राच्या उजळलेल्या अर्ध्या भागाचा कमी-अधिक हिस्सा दिसत असतो, बाकी काही नाही.

ग्रह किती, याला ‘नऊ’ असं उत्तर आलं तर ते कुठून आलं हे आधी विचारून घ्या. पालकांच्या वयाच्या माणसाचा नववा ग्रह प्लूटो असतो. प्राग इथे २४ ऑगस्ट २००६ रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने त्याला बटुग्रहांत टाकलं, कारण त्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला नाही. मुलांच्या डोक्यात मात्र देवळातले नवग्रह असू शकतात. त्या यादीत सूर्य, चंद्र, राहू, केतू आहेत आणि पृथ्वी नाही. चूक एकच दिसली तरी दुरुस्ती वेगळी करावी लागते.

कडी असलेला ग्रह कोणता, हा प्रश्न तर काढूच नये. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या चौघांनाही कडी आहेत. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जात असताना त्याच्या कड्यांचा शोध लागला. त्या निरीक्षणांत तमिळनाडूतल्या कवलूर वेधशाळेचाही वाटा होता.

‘पृथ्वीला सर्वांत जवळचा ग्रह’ असं मोघम विचारणंही टाळा. सर्वांत जवळ येऊन जाणारा ग्रह शुक्र. पण शुक्र सूर्याच्या पलीकडे गेला की खूप लांब पडतो. वर्षानुवर्षांची सरासरी काढली तर बुध जवळचा ठरतो. हुशार मुलाने ‘बुध’ लिहिलं आणि उत्तरपत्रिकेत ‘शुक्र’ असेल, तर वाद घालायला तुमच्याकडे मुद्दा उरत नाही.

सर्वाधिक उपग्रह कोणाचे, हा आणखी एक धोक्याचा प्रश्न. २०२३ च्या सुरुवातीला गुरू पुढे होता, त्याच वर्षी शनीने त्याला मागे टाकलं, आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नवे उपग्रह मान्य झाल्यावर शनीचा आकडा २७४ वर गेला. जुन्या गाइडमधून प्रश्न उचलला तर उत्तर हमखास शिळं निघणार. विचारायचंच असेल तर प्रश्नातच महिना-वर्ष लिहा. नाहीतर सर्वांत मोठा उपग्रह विचारा: गुरूचा गॅनिमीड, व्यास ५,२६८ किलोमीटर, बुध ग्रहापेक्षाही मोठा.