तोंडात गाठ लागली तर काय करावे?

जिभेला तोंडात काहीतरी नवे लागते आणि मग दिवसभर ती तिथेच जात राहते. जिभेच्या टोकाला स्पर्श फार बारकाईने कळतो. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरचा फोडही भलामोठा वाटतो. आकार जिभेने ठरवू नका, आरशात पाहा.

१. एकदाच, पण नीट पाहा. हात साबणाने धुवा, कवळी असेल तर काढा, मोबाइलचा टॉर्च लावा. ओठ उलटून आतून पाहा, मग गाल, हिरड्या आणि टाळू. जिभेचे टोक स्वच्छ कापडात धरून दोन्ही कडा पाहा. शेवटी जीभ टाळूला लावून खालचा भाग पाहा. तीन मिनिटे पुरेत.

२. दुसऱ्या बाजूला तीच जागा तपासा. ही पायरी बहुतेक जण विसरतात, आणि निम्मी भीती इथेच उतरते. दोन्हीकडे सारखेच काही असेल तर ते बहुधा तुमच्या तोंडाच्या रचनेतलेच असते. वरच्या दाढांसमोर गालात लाळेच्या नळीचे तोंड छोट्या उंचवट्यासारखे असते. जिभेच्या अगदी मागे उलट्या ‘व्ही’च्या आकारात मोठे दाणे असतात, आणि मागच्या कडांवरही उभ्या घड्या असतात. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे मधोमध एक मऊ उंचवटा असतो. टाळूच्या मध्यरेषेवर किंवा खालच्या जबड्याच्या आतून दगडासारखा टणक उंचवटा लागला, तर ती हाडाची निरुपद्रवी वाढ असू शकते. ती वर्षानुवर्षे असते, लक्ष मात्र एखाद्या दिवशीच जाते.

एकाच बाजूला असेल तरी लगेच वाईट शंका नको. खालच्या ओठात मऊ, निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा असेल तर बहुधा ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फाटलेली असते. तो सुईने फोडू नका. फाटलेली नळी तशीच राहते, म्हणून फुगा पुन्हा भरतो. जेवताना जिभेखाली किंवा जबड्याखाली सूज येऊन नंतर उतरत असेल, तर लाळेच्या नळीत खडा असू शकतो. हिरडीवरचा पू असलेला फोड बहुधा किडलेल्या दाताचा किंवा हिरडीच्या आजाराचा असतो. तो फुटून दुखणे थांबले तरी दंतवैद्य गाठा.

३. नोंद करा आणि हात काढा. तारीख, जागा, अंदाजे आकार, रंग, दुखते का, एवढे लिहा. एक फोटो काढा. त्यानंतर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी पाहा. सतत चाचपल्याने, दाबल्याने, चोखल्याने साधी जागाही सुजते, आणि ती सूज पाहून ‘वाढली’ असे वाटते. भीती आणि गाठ दोन्ही वाढवणारे चक्र हेच. जीभ तिकडे गेली की ती टाळूला टेकवून ठेवा. इंटरनेटवरचे फोटो पाहू नका. त्यांत बहुतेक टोकाचेच आजार असतात.

४. दोन आठवड्यांची तारीख लावा. चावल्याची जखम किंवा साधा तोंडातला फोड बहुधा तेवढ्यात भरतो. तसे झाले नाही तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जा, न दुखणारी गाठ असली तरीही. दुखत नाही म्हणून धोका नाही, असे होत नाही.

५. या खुणा दिसल्या तर तारखेची वाट पाहू नका: न पुसला जाणारा लाल किंवा पांढरा चट्टा, आपोआप येणारे रक्त, ओठाला किंवा जिभेला बधिरपणा, कारण नसताना हलणारा दात, मानेत टणक गाठ. तंबाखू, सुपारी किंवा दारूची सवय असेल तर लवकरच दाखवा. श्वास किंवा गिळणे अडत असेल, किंवा तापासह जिभेखालची सूज झपाट्याने वाढत असेल तर त्याच वेळी रुग्णालयात जा.

६. डॉक्टरांसमोर नोंद ठेवा आणि तीन गोष्टी विचारा: हे काय वाटते, तपासणी लागेल का, पुन्हा कधी दाखवू? बायोप्सी सांगितली म्हणजे कर्करोग आहे असे नव्हे. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, कारण काही गाठी नुसत्या पाहून ओळखता येत नाहीत.

सगळे ठीक आहे असे सांगितल्यावरही रोज तपासावेसे वाटत असेल, झोप उडत असेल, तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा. आजाराच्या अशा भीतीवर समुपदेशन आणि वर्तनोपचाराचा उपयोग होतो.