गटाचं समीकरण वहीत कसं मांडायचं

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धेत साखळी फेरीच्या शेवटच्या दिवशी एका गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होतात. टीव्हीवर एक, मोबाइलवर दुसरा, आणि खोलीत जितकी डोकी तितकी मतं. 'बरोबरी झाली तरी चालतंय.' 'कुठलं चालतंय, अजून दोन पाहिजेत.' 'अरे, पण आपसातल्या मॅचचं काय?' हा वाद मला मनापासून आवडतो, म्हणूनच तो नीट व्हावा असं वाटतं. त्यासाठी सामन्याआधी अर्धा तास वही-पेन घेऊन बसायचं. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत रोजमेळ लिहिते. संध्याकाळी जमा-खर्च जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय अंगात मुरली आहे. गटाचा तक्ताही मी तसाच मांडते.

उदाहरण म्हणून २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमधला ई गट घेते. स्पेन, जर्मनी, जपान आणि कोस्टा रिका. शेवटचे सामने १ डिसेंबरचे, पण आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले, म्हणजे तारीख २ लागलेली. जपान-स्पेन खलिफा स्टेडियमवर, कोस्टा रिका-जर्मनी अल बायतवर. कोल्हापूर म्हटलं की लोकांना ब्राझील-अर्जेंटिनाचे फलकच आठवतात, पण आमच्या घरात धाकटा भाऊ जर्मनीचा कट्टर, त्यामुळे त्या रात्री वही उघडावीच लागली.

आधी तक्ता

चार संघ, प्रत्येकापुढे चार रकाने: गुण, केलेले गोल, खाल्लेले गोल आणि फरक. दोन-दोन सामने झाल्यावर ई गटाचं चित्र असं होतं.

स्पेन: ४ गुण, ८ केले, १ खाल्ला, फरक अधिक ७
जपान: ३ गुण, २ केले, २ खाल्ले, फरक शून्य
कोस्टा रिका: ३ गुण, १ केला, ७ खाल्ले, फरक उणे ६
जर्मनी: १ गुण, २ केले, ३ खाल्ले, फरक उणे १

मांडून झालं की लगेच ताळा करायचा. एकाने केलेला गोल दुसऱ्याने खाल्लेला असतो, म्हणून चारही संघांच्या फरकांची बेरीज शून्यच यायला हवी. सात वजा सहा वजा एक, शून्य. जुळलं. नाही जुळलं तर कुठला तरी निकाल चुकीचा उतरवलाय, आणि त्या तक्त्यावर पुढे कितीही डोकं चालवलं तरी उपयोग नाही. मोबाइलवर तक्ता आयता मिळतो हे खरं, पण हाताने लिहिला की आकडे डोक्यात बसतात आणि ऐन गडबडीत स्क्रीन शोधत बसावं लागत नाही.

मग नियमांचा क्रम

गुण सारखे झाले तर पुढे काय बघायचं, हे स्पर्धेगणिक बदलतं. निम्मी भांडणं इथेच होतात. कतारला क्रम होता: गुण, मग गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक, मग एकूण केलेले गोल, मग आपसातला सामना, मग कार्डांवरून फेअर प्ले, आणि शेवटी चिठ्ठी. युरो कपमध्ये मात्र आपसातला सामना गोलफरकाच्या आधी येतो. म्हणून वहीच्या पानावर सगळ्यात वर त्या स्पर्धेचा क्रम लिहायचा, तोही अधिकृत नियमावली बघून. मागच्या वेळची आठवण त्यासाठी चालत नाही.

आपसातला सामना आधी धरला की काय होतं, ते २००४ च्या युरोमध्ये इटलीने भोगलं. इटली, स्वीडन आणि डेन्मार्क, तिघांचेही ५ गुण. तिघांमधले तिन्ही सामने बरोबरीत: इटली-डेन्मार्क ०-०, इटली-स्वीडन १-१, स्वीडन-डेन्मार्क २-२. बल्गेरियाशी झालेले सामने बाजूला काढून फक्त हे तीन मोजले, तर स्वीडनचे गोल ३, डेन्मार्कचे २ आणि इटलीचा १. इटली घरी. शेवटच्या सामन्याआधीच सगळ्यांना ठाऊक होतं, की स्वीडन-डेन्मार्क २-२ झालं तर इटलीने बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवलं तरी उपयोग नाही. झालंही नेमकं २-२. तीन संघांचे गुण सारखे असले की तिघांचा छोटा तक्ता वेगळा मांडायचा, तो या प्रसंगासाठी.

नऊ चौकटी

आता मुख्य काम. दोन सामने, प्रत्येकाचे तीन निकाल, म्हणजे नऊ शक्यता. कागदावर तीन बाय तीन चौकटी आखा. आडवे जपान-स्पेनचे निकाल, उभे कोस्टा रिका-जर्मनीचे. प्रत्येक चौकटीत पुढे जाणाऱ्या दोघांची नावं लिहा, आणि जिथे गुणांवर निकाल लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह.

ई गटात हे केलं की बऱ्याच गोष्टी आपोआप दिसतात. स्पेन जिंकला किंवा त्याने बरोबरी केली की तो आत, दुसरीकडे काहीही होवो. जपान जिंकला की आत, हरला की बाहेर. कोस्टा रिका जिंकला की आत. उणे सहा फरक बघून ज्यांनी त्याला मोजलंच नव्हतं, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट. आणि जर्मनीला जिंकण्यावाचून पर्यायच नाही. जपान जिंकून कोस्टा रिका-जर्मनी बरोबरीत सुटलं, तर स्पेन आणि कोस्टा रिका दोघेही ४ गुणांवर येतात, पण तिथे तेरा गोलांची दरी आहे. बिनदिक्कत स्पेन लिहून टाकायचं.

प्रश्नचिन्हं उरतात दोनच, आणि दोन्ही जर्मनीच्या विजयाच्या रांगेत. रात्रीचा खरा वाद त्या दोन चौकटींचाच. बाकी सातांवर आवाज चढवायचं कारण नाही.

दरी मोजा

पहिलं प्रश्नचिन्ह: जपान-स्पेन बरोबरी आणि जर्मनी विजयी. जपान आणि जर्मनी दोघेही ४ गुणांवर. जपानचा फरक शून्यच राहणार, जर्मनीचा उणे एक. जर्मनी दोनने जिंकला तर सरळ आत. एकाच गोलाने जिंकला तर फरक सारखा, मग केलेले गोल. आधीचे दोघांचेही दोनच, म्हणजे त्या रात्री आपापल्या मैदानावर जास्त गोल कोण करतो ते बघायचं. तेही सारखे आले तर आपसातला सामना, आणि तो जपानने पहिल्याच दिवशी २-१ असा जिंकलेला.

दुसरं: जपान विजयी आणि जर्मनी विजयी. आता सामना स्पेन विरुद्ध जर्मनी असा कागदावरचा. अधिक सात आणि उणे एक, दरी आठची. ही दरी दोन्हीकडून भरते: जपान जितक्याने जिंकेल तितकी स्पेन खाली येईल, जर्मनी जितक्याने जिंकेल तितकी ती वर चढेल. दोन विजयांची बेरीज आठच्या पुढे गेली की जर्मनी आत. आता गंमत बघा. जपान २-१ ने जिंकला आणि जर्मनी ७-० ने जिंकली असती, तर दोघांचे ९ गोल केलेले, ३ खाल्लेले, आपसातला सामना १-१. निकाल कार्डांवर गेला असता! हे मी सामन्याआधी लिहून ठेवलं नव्हतं, कारण ७-० कुणी धरत नाही. पण पहिल्या सामन्यात कोस्टा रिकाने स्पेनकडून नेमके सातच खाल्ले होते, हेही खरं.

सामना सुरू झाल्यावर

पानाच्या उजव्या बाजूला वेळेप्रमाणे ओळी लिहीत जायचं: कुठल्या सामन्यात, कितव्या मिनिटाला, कोणी, आणि आता पुढे कोण. दोन मैदानांवरची घड्याळं कधीच सोबत चालत नाहीत, थांबे वेगवेगळे असतात. म्हणून मिनिट त्या त्या सामन्याचं लिहा, पण ओळींचा क्रम ज्या क्रमाने बातमी आली तोच ठेवा.

दहाव्या मिनिटाला जर्मनीचा ग्नाब्री, अकराव्याला स्पेनचा मोराटा. मध्यंतराला स्पेन आणि जर्मनी आत, भाऊ निवांत. मग ४८ व्या मिनिटाला जपानच्या दोआनने बरोबरी केली. टीव्हीकडे बघून भाऊ म्हणाला, "बरोबरीच हाय की, आमचं काय बिघडतंय?" इथे वही कामाला आली. जर्मनी १-० आणि जपान-स्पेन १-१ असताना जपान आणि जर्मनीचे गुण सारखे, फरक दोघांचाही शून्य, गोल दोघांचेही तीन. मग आपसातला सामना, आणि जपान वर. जर्मनी जिंकत असताना बाहेर होती. हे दाखवेपर्यंत ५१ व्या मिनिटाला जपानच्याच तनाकाचा गोल आला.

त्या गोलावर अजून वाद घालणारे भेटतात. त्याआधी जपानच्या मितोमाने गोलरेषेवरून परतवलेला चेंडू बाहेर गेला होता की नाही? नियम असा, की पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली पाहिजे, जमिनीवर आणि हवेतही. जमिनीपाशी चेंडू कुठे टेकलाय हे बघून निकाल देता येत नाही. चेंडू गोल असतो, त्याचा फुगवटा रेषेच्या वर असेल तरी तो आत धरायचा. बाजूने काढलेला फोटो दाखवून कुणी भांडत असेल, तर वरून काढलेला मागा. व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी, गोल दिला, आणि माझ्या मते योग्यच दिला.

५८ व्या मिनिटाला कोस्टा रिकाच्या तेहेदाने बरोबरी केली. ७० व्या मिनिटाला त्यांचाच दुसरा. आता जपान ६, कोस्टा रिका ६, स्पेन ४, जर्मनी १. भाऊ वहीत डोकावला आणि ओरडला, "अगं ताई, दोघंबी बाहेर की!" २०१० चा विजेता आणि २०१४ चा विजेता, दोघेही एकाच वेळी बाहेर. तीन मिनिटं, फक्त तीन. ७३ व्याला हावेर्ट्झने बरोबरी केली आणि जर्मनीच्या गोलाने स्पेन परत आत आला. पुढे हावेर्ट्झ आणि फ्युलक्रुग यांनी ४-२ केलं, पण दरी आठची होती आणि भरली तीनच.

प्रत्येक ओळीपुढे आणखी एक गोष्ट लिहा: बाहेर असलेल्याला परत यायला किती गोल लागतात. त्याच वर्ल्ड कपमध्ये उरुग्वेने घानाविरुद्ध ३२ व्या मिनिटालाच २-० केलं होतं आणि तेवढ्यावर ते आत होते. दुसऱ्या मैदानावर कोरियाच्या ह्वांगने पोर्तुगालविरुद्ध भरपाईच्या वेळेत गोल केला. गुण सारखे, फरक सारखा, पण कोरियाचे गोल चार आणि उरुग्वेचे दोन. आता उरुग्वेला एक गोल हवा होता, आणि वेळ थोडीच उरली होती. कोरियाचे खेळाडू आपला सामना संपवून मैदानावर घोळका करून उभे, मोबाइलवर दुसऱ्या सामन्याचा शेवट बघत.

कार्डं

हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच राहतो, पण ठेवा. पिवळं कार्ड उणे १, दुसऱ्या पिवळ्यावरून लाल उणे ३, थेट लाल उणे ४. २०१८ मध्ये जपान आणि सेनेगल गुण, फरक, गोल, आपसातला सामना सगळ्यात सारखे निघाले आणि जपान उणे ४ विरुद्ध उणे ६ असा पुढे गेला. पोलंडविरुद्ध हरत असतानाही जपानने शेवटची मिनिटं चेंडू नुसता फिरवत काढली, कारण तेवढ्यावर भागत होतं. कतारला पोलंड आणि मेक्सिकोही बराच वेळ फक्त कार्डांनी वेगळे होते. सौदी अरेबियाने अखेरच्या क्षणी मेक्सिकोला गोल केला तेव्हा तो प्रश्न मिटला.

एक जुना वाद

'जर्मनी त्या रात्री कमनशिबी ठरली' असं म्हणणाऱ्यांना मी तक्ता दाखवते. जर्मनी त्या रात्री जिंकली होती. ती बाहेर पडली पहिल्या दिवशी: २३ नोव्हेंबरला ती जपानशी २-१ ने हरली आणि त्याच दिवशी स्पेनने सात गोल घातले. सामना हातात असताना आणखी दोन-तीन गोल करणाऱ्या संघाला लोक उगाच खेळतोय म्हणतात, पण स्पेन पुढे गेला तो त्याच गोलांवर. कोल्हापूरच्या लीगमध्ये शाहू स्टेडियमवरही ३-० झाल्यावर संघ सुस्तावले की माझ्या मनात हेच येतं.

दोन्ही सामने एकाच वेळी का, असं पोरं विचारतात. १९८२ मध्ये स्पेनमधल्या खिखोनला पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले, तेव्हा त्याच गटातल्या अल्जीरियाचे सगळे सामने आदल्या दिवशीच संपलेले होते. जर्मनी १-० ने जिंकली तर दोघेही पुढे, हे दोघांनाही ठाऊक. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि उरलेला सामना दोन्ही संघांनी नुसता ढकलला. जर्मनीला हरवलेली अल्जीरिया बाहेर. पुढच्या वर्ल्ड कपपासून शेवटचे सामने एकत्र सुरू झाले.

तिसरा क्रमांक असेल तर

२०२६ पासून वर्ल्ड कपमध्ये ४८ संघ, बारा गट, आणि बारा तिसऱ्या संघांपैकी आठ पुढे. नऊ चौकटींत आता प्रत्येक ठिकाणी तिसरं नावही लिहावं लागतं, आणि बारा तिसऱ्यांचा वेगळा तक्ता एका स्वतंत्र पानावर. वेगवेगळ्या गटांतले संघ एकमेकांशी खेळलेलेच नसतात, त्यामुळे त्या पानावर आपसातल्या सामन्याचा रकाना नको. गुण आणि गोलफरक ठळक लिहा. तीन गुणांच्या संघाला लगेच खोडू नका. २०१६ च्या युरोमध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, तिसऱ्या क्रमांकाने पुढे गेले आणि कप घेऊन गेले. आधी संपलेल्या गटातल्या तिसऱ्या संघाचं नाव पेन्सिलीने लिहा, शेवटच्या गटाची शिटी वाजली की पेनने.