क्षमता वाढली की नाही, हे कसे तपासावे : ग्रामसभा आणि गावातील युवा गटांच्या मूल्यमापनाची एक पद्धत

स्वयंसेवी संस्थांच्या वार्षिक अहवालांत ‘क्षमता बांधणी’ या मथळ्याखाली बहुधा तीन आकडे दिलेले असतात : शिबिरे किती झाली, माणसे किती आली आणि त्यांत स्त्रिया किती होत्या. हे आकडे खरे असतात, पण त्यांवरून फार तर खर्च कुठे झाला ते कळते. शिबिर संपताना भरून घेतलेल्या अभिप्राय पत्रकांतही ‘खूप छान’ याखेरीज फारसे काही सापडत नाही, कारण दोन दिवस जेवू-खाऊ घालणाऱ्या यजमानाला तोंडावर नावे ठेवण्याची आपली रीत नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या : प्रशिक्षण आवडले का, त्यातून काही शिकले का, त्यामुळे वागणे बदलले का आणि त्या बदललेल्या वागण्यातून काही निष्पन्न झाले का. आपल्याकडील बहुतेक मूल्यमापने पहिल्या पायरीवर थांबतात. येथे सांगितलेली पद्धत मुख्यतः तिसऱ्या पायरीसाठी आहे.

उदाहरणादाखल गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभा आणि त्यांच्यासोबत काम करणारे गावातील तरुणांचे गट डोळ्यांपुढे ठेवले आहेत. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाले, पुढे जिल्ह्यातील इतर शेकडो गावांना ते मिळाले, आणि 2014 मध्ये महाराष्ट्राचे पेसा नियम (अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे नियम) आल्यानंतर अनेक ग्रामसभा तेंदूपान आणि बांबू यांची विक्री स्वतः करू लागल्या. हे काम वाटते तितके सोपे नाही. निविदा काढणे, ठेकेदाराशी करारनामा करणे, मजुरीचा हिशेब ठेवणे, कर आणि बँकेचे व्यवहार सांभाळणे हे सगळे गावातच करावे लागते, आणि ते लिहिण्या-वाचण्याचे ओझे साहजिकच दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींवर पडते. दरवर्षी मे महिन्याच्या आसपास येणारा तेंदूचा हंगाम म्हणजे त्या गावाची न सांगता घेतलेली परीक्षाच असते. म्हणूनच मूल्यमापनाची रीत समजून घेण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

आधी क्रियापदे लिहून काढावीत

‘नेतृत्वविकास’, ‘जाणीवजागृती’, ‘सक्षमीकरण’ हे शब्द प्रस्तावात शोभून दिसतात, पण ते डोळ्यांनी पाहता येत नाहीत. त्यामुळे मूल्यमापनाला हात घालण्यापूर्वी गटाला नेमके काय करता यायला हवे, ते साध्या क्रियापदांत लिहून काढावे. ग्रामसभेची सूचना वेळेत काढणे, गणपूर्ती मोजून तिची नोंद करणे, करारनाम्याच्या मसुद्यातील अडचणीची अट ओळखणे, रोकडवही रोजच्या रोज लिहिणे, मजुरीचे पत्रक सर्वांना दिसेल असे लावणे, फेटाळलेल्या अर्जावर मुदतीत अपील करणे, अशी आठ-दहा कामे पुरेशी होतात. ही यादी संस्थेच्या कार्यालयात बसून करू नये. गटासोबत बसून केली तर गावाला महत्त्वाचे वाटणारे एखादे काम, उदाहरणार्थ वनरक्षकाशी किंवा ठेकेदाराच्या दिवाणजीशी न घाबरता बोलणे, यादीत आपोआप येते. ते कोणत्याही छापील नमुन्यात नसते.

प्रत्येक कामापुढे एक ते पाच गुण देण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी चार अवस्था ठरवाव्यात : हे काम बाहेरचा माणूस करून देतो, बाहेरचा माणूस शेजारी बसला तर गट करतो, गट आपण होऊन करतो, गट ते काम शेजारच्या गावाला शिकवतो. अवस्थांचे वर्णन समोर असले की गटातील माणसे ‘आपण कुठे आहोत’ याविषयी आपसांत वाद घालतात, आणि त्या वादातून जितके कळते तितके भरलेल्या तक्त्यातूनही कळत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चार गोल आखून चिंचोके किंवा खडे ठेवायला सांगावे; फक्त स्त्रियांचे खडे वेगळे मोजावेत, कारण ‘आमचा गट हे आपण होऊन करतो’ असे पुरुष सांगतात तेव्हा त्या ‘आम्ही’त स्त्रिया असतीलच असे नाही.

युवा गटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते, ती म्हणजे युवा कोणाला म्हणायचे. 2014 च्या राष्ट्रीय युवा धोरणात 15 ते 29 असा वयोगट धरलेला आहे. गावातील मंडळाचे अध्यक्ष मात्र पुष्कळदा चाळिशी ओलांडलेले असतात. मंडळ नोंदणीकृत नसले म्हणून ते दुबळे ठरवू नये. उलट नोंदणी असलेल्या संस्थेची एक तपासणी अवश्य करावी : कार्यकारिणी बदलल्यानंतर 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात तो, दाखल झाला होता का? तो झाला नसेल तर गावात तरुण मुले राबत असतात आणि कागदावर जुनेच विश्वस्त सही करत राहतात. तरुणांच्या ‘सहभागा’विषयीची अनेक पाने वाचून जे कळत नाही, ते या एका कागदावरून कळते.

वह्या कशा वाचाव्यात

माणसे पाहुण्यांशी बरे बोलतात. वह्या पाहुण्यांसाठी लिहिलेल्या नसतात, निदान सगळ्या तरी नसतात. त्यामुळे मूल्यमापनातील अर्धा वेळ वह्यांना द्यावा, असे माझे मत आहे. त्या पाहण्यासाठी गटाची परवानगी आधी मागावी आणि आपण दोष शोधायला आलेलो नाही हे स्पष्ट सांगावे.

इतिवृत्ताची वही, जिला गावात ‘प्रोसिडिंग’ म्हणतात, ती उघडली की आधी मजकुराऐवजी अक्षर पाहावे. वर्षभराच्या सभा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसत असतील तर सभा झाल्या नाहीत असे लगेच म्हणता येत नाही, पण वही सभेत लिहिली जात नाही एवढे नक्की समजते. लिहिणारे हात एकापेक्षा अधिक असतील तर ती चांगली खूण आहे. त्यानंतर ठराव पाहावेत. प्रत्येक ठराव ‘सर्वानुमते मंजूर’ असेल आणि कुठेही आक्षेप, तहकुबी किंवा ‘पुढील सभेत विचार करावा’ अशी नोंद नसेल, तर चर्चा झाली असण्याची शक्यता कमी असते. मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, परंतु त्यामागे अभ्यास गटांत केलेली दीर्घ चर्चा असते. दोन्हींचे शब्द सारखे दिसले तरी त्यांचा अर्थ एक नसतो. वनहक्काच्या नियमांत 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि उपस्थितांपैकी किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ही गणपूर्ती सह्या आणि अंगठे मोजून स्वतः पडताळावी, आणि स्त्रियांची नावे केवळ हजेरीत आहेत की सूचक-अनुमोदक म्हणूनही येतात, तेही पाहावे.

रोकडवही आणि बँकेचे पासबुक शेजारी-शेजारी ठेवावे. ज्या तारखेला रक्कम काढली आणि ज्या तारखेला मजुरी वाटली, त्यांत किती दिवसांचे अंतर आहे आणि त्या दिवसांत पैसे कोणाकडे होते, एवढाच प्रश्न विचारावा. तो आरोपाच्या सुरात विचारू नये, कारण पुष्कळदा त्याचे उत्तर साधे असते : बँक तालुक्याला आहे, मजूर संध्याकाळी भेटतात आणि वाटप आठवड्याच्या बाजाराला होते. पण ते उत्तर खजिनदाराखेरीज आणखी दोघा-तिघांना देता येते का, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

जावक नोंदवहीकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. वर्षाला वीस अर्ज पाठवून एकाचाही पाठपुरावा न करणाऱ्या गटापेक्षा चारच अर्ज पाठवून प्रत्येकाचे स्मरणपत्र पाठवणारा गट पुढे गेलेला असतो. माहिती अधिकाराचे अर्ज असतील तर ते ठरलेल्या 30 दिवसांनंतर काय झाले हे शोधावे. उत्तर न आल्यास पहिले अपील करण्यासाठी पुढचे 30 दिवस असतात, आणि ती मुदत गटाच्या कोणाच्या लक्षात होती, यावरून शिबिरातले किती उरले ते समजते.

बिघडलेल्या दिवसाची गोष्ट विचारावी

वह्या पाहून झाल्यावर बोलायला बसावे आणि ‘प्रशिक्षणाचा काय फायदा झाला’ हा प्रश्न कटाक्षाने टाळावा. त्याऐवजी ‘मागच्या हंगामात सर्वांत जास्त काय बिघडले होते?’ असे विचारून शांत राहावे. ठेकेदाराने दुसरा हप्ता थकवला, अवकाळी पावसाने वाळत घातलेले तेंदूपानांचे पुडे भिजले, सचिव ऐन वेळी आजारी पडला, अशी एखादी हकिकत निघतेच. मग ती हकिकत दिवसागणिक उलगडून घ्यावी : हे प्रथम कोणाला कळले, त्याने कोणाला सांगितले, बैठक कधी झाली, कागद कोणी लिहिला, संस्थेच्या कार्यकर्त्याला फोन कोणत्या दिवशी गेला आणि तो सल्ल्यासाठी होता की ‘तुम्हीच या आणि करा’ म्हणून होता. पहिल्याच दिवशी गेलेला फोन आणि चौथ्या दिवशी सगळे करून झाल्यावर गेलेला फोन यांत जो फरक आहे, तोच आपण मोजायला आलेलो असतो. हीच गोष्ट गटातील तरुणांकडून, वयस्कांकडून आणि गटाबाहेरच्या एखाद्या मजूर स्त्रीकडून स्वतंत्रपणे ऐकावी. तपशील जुळले नाहीत तरी घाबरू नये, कारण न जुळणारा तपशील बहुधा माहिती कुठवर पोहोचली आणि कुठे अडली ते दाखवतो.

बदलाच्या गोष्टी गोळा करून त्यांतील सर्वांत महत्त्वाची कोणती हे लोकांनाच ठरवू देण्याची एक रीत रिक डेव्हिस यांनी 1990 च्या दशकात बांगलादेशातील कामातून विकसित केली. ती आपल्याकडेही वापरतात, मात्र तिच्यात यशाच्या गोष्टी अधिक गोळा होतात. गावाला हिशेब विचारणाऱ्याने बिघाडाच्या गोष्टींपासून सुरुवात केलेली बरी.

येथे युवा गटांचे खरे दुखणे लक्षात येते. शिकवलेली मुले गावात राहत नाहीत. हिशेब उत्तम लिहिणारा मुलगा पोलीस भरतीच्या तयारीला नागपूरला जातो, निविदा वाचता येणारी मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते, आणि संस्थेच्या नोंदीत मात्र दोघेही ‘प्रशिक्षित’ म्हणून वर्षानुवर्षे मोजले जातात. म्हणून प्रत्येक कामापुढे ‘हे आज गावात असलेल्या किती जणांना येते’ असा रकाना असावा, आणि एकाच माणसाचे नाव तीनपेक्षा अधिक कामांपुढे आले तर तो धोक्याचा इशारा समजावा. गेलेली मुलगी सासरच्या गावात तेच काम करत असेल तर ती क्षमता बुडालेली नाही. जमल्यास तिला एक फोन करून विचारावे.

केव्हा तपासावे, आणि श्रेय कोणाचे

प्रशिक्षणापूर्वीची स्थिती नोंदवलेली असणे उत्तम. नसेल तर जुन्या वह्यांवरून ती बरीचशी उभी करता येते. दुसरी नोंद सहा महिन्यांच्या आत करू नये, आणि मोहफुलांचा किंवा रोवणीचा काळ टाळून हंगाम संपल्यावर करावी. स्वतःविषयीचे अंदाज प्रशिक्षणानंतर कधीकधी खाली येतात, यामुळे निराश होण्याचे कारण नाही. रोकडवही कशी असते हेच ज्याला माहीत नव्हते, तो आधी ‘आम्हाला सगळे येते’ म्हणत असतो. यावर उपाय म्हणून दुसऱ्या भेटीत ‘आज कुठे आहात’ यासोबत ‘आता विचार करता तेव्हा कुठे होता असे वाटते’ हेही विचारावे आणि दोन्ही नोंदी ठेवाव्यात.

श्रेयाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. त्याच काळात गावात नवा तलाठी आला असेल, एखादी पदवीधर मुलगी परतली असेल, शेजारच्या ग्रामसभेने वाट दाखवली असेल. शक्य असेल तर प्रशिक्षण न मिळालेल्या दोन गावांतही त्याच वह्या पाहाव्यात.

मूल्यमापन कोणी करावे, हा प्रश्न पैशाशी बांधलेला आहे. ज्याने शिकवले त्यानेच तपासले आणि त्याच अहवालावर पुढचा निधी अवलंबून असला, तर कोणता निष्कर्ष निघेल हे सांगायला नको. परदेशी देणगी नियमन कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे देण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली. त्यामुळे अशा निधीपुरते लहान गटांच्या वाट्याला पैशांऐवजी प्रशिक्षणच अधिक येते, आणि ते निरुपयोगी होते असे सांगण्याचे धैर्य त्यांच्यात उरत नाही. निदान एक तपासनीस शेजारच्या ग्रामसभेतील असावा. वही कशी रंगवतात हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

अहवाल संस्थेकडे जाण्याआधी गावात वाचून दाखवावा, गरज असेल तर गोंडीत किंवा माडियात सांगावा, आणि हिशेबातील चुका सांगताना व्यक्तींची नावे घेऊ नयेत. गटाला मान्य नसलेला निष्कर्ष खोडू नये. गटाचे म्हणणे त्याच्या शेजारी लिहावे. शेवटी कामांची आणि अवस्थांची ती एक पानी यादी प्रोसिडिंगच्या वहीत चिकटवावी, तिच्यात पुढच्या वर्षासाठी एक रकाना कोरा सोडावा, आणि तो तेंदूचा लिलाव होण्यापूर्वीच्या सभेत, बाहेरचे कोणी नसताना, गटानेच भरावा असे ठरवून घ्यावे.