जीईआरडी आणि व्हीएचं अपील: या चुका टाळा

अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्या माणसाचा जीईआरडीचा, म्हणजे पोटातलं आम्ल अन्ननलिकेत वर येण्याच्या आजाराचा, भरपाईचा दावा व्हीएने (तिथल्या माजी सैनिकांच्या खात्याने) फेटाळला, किंवा मान्य होऊन शून्य टक्के अपंगत्व पदरात पडलं, की पहिला विचार येतो तो जळजळ किती भयंकर आहे हे पुन्हा एकदा, जरा जोरात सांगण्याचा. अपिलात त्याचा उपयोग फारसा होत नाही. व्हीएच्या निर्णयपत्रात दावा नेमका कुठे अडला ते लिहिलेलं असतं: आजचं निदान नाही, सेवेतल्या घटनेचा पुरावा नाही, की दोन्हींना जोडणारं वैद्यकीय मत नाही. त्याच पत्रात तुमच्या बाजूचे निष्कर्षही असतात. ते पुढच्या टप्प्यावर सहसा बदलता येत नाहीत, तेव्हा मान्य झालेल्या मुद्द्यावर पुन्हा कागद गोळा करत बसू नका.

मुदत जाऊ देणं

पत्रावरच्या तारखेपासून एक वर्ष मिळतं. त्या वर्षात पाऊल उचललं तर मूळ अर्जाची तारीख टिकते आणि थकबाकी तिथपासून मोजली जाते. एवढं बहुतेकांना माहीत असतं. जीईआरडीच्या बाबतीत मात्र त्या तारखेला आणखी एक किंमत आहे.

१९ मे २०२४ पूर्वी या आजाराचे टक्के (रेटिंग) ठरवायला स्वतःचा कोड नव्हता. हायटल हर्नियाच्या (जठराचा भाग छातीत सरकण्याच्या विकाराच्या) ७३४६ या कोडचे निकष लावून १०, ३० किंवा ६० टक्के दिले जायचे, आणि छातीतली जळजळ, घशाशी आंबट येणं, घास अडकणं, छातीच्या हाडामागचं किंवा खांद्या-दंडातलं दुखणं यांचा तिथे थेट विचार व्हायचा. त्या तारखेला ७२०६ हा नवा कोड आला आणि तो अन्ननलिका आकसण्याच्या ७२०३ या कोडचे निकष वापरतो. तुमचा दावा त्याआधीचा असेल आणि अपिलांची साखळी तुटली नसेल, तर दोन्ही नियमांपैकी तुम्हाला फायद्याचा असेल तो लागतो; त्या तारखेआधीच्या काळाला जुनाच. वर्ष उलटून गेल्यावर केलेला अर्ज नवा ठरतो आणि जुना नियम हातचा जातो.

जुन्या निकषांवर नवा दावा लढवणं

नव्या निकषांत जळजळीच्या तीव्रतेला जवळजवळ जागाच नाही. आजाराची नोंद आहे, पण रोजची लक्षणं नाहीत आणि रोजच्या औषधाची गरजही नाही, तर शून्य. गिळण्याचा त्रास आटोक्यात ठेवायला रोज औषध लागतं, तर १०. अन्ननलिका वारंवार आकसते आणि ती रुंद करण्याचं डायलेटेशन वर्षातून दोनदापर्यंत करावं लागतं, तर ३०. तीन किंवा जास्त वेळा, किंवा वर्षातून एकदा तरी स्टिरॉइड वापरून, किंवा स्टेंट बसवावा लागला, तर ५०. अन्न श्वासनलिकेत जाणं, कुपोषण किंवा लक्षणीय वजन घटणं यांपैकी काही असून शस्त्रक्रिया करावी लागली किंवा पोटातून नळी घालावी लागली, तर ८०. हे सगळं बेरियम स्वॅलो, सीटी स्कॅन किंवा एंडोस्कोपीत दिसायला हवं.

म्हणून डॉक्टरांकडे नुसतं ‘ॲसिडिटी होते’ म्हणून सोडू नका. पोळीचा घास अडकतो का, गोळी पाण्याशिवाय उतरते का, आठवड्यातून किती वेळा, हे त्यांच्या नोंदीत उतरायला हवं. नसलेला त्रास अर्थातच सांगू नये. एंडोस्कोपीच्या अहवालाशी विसंगत बोलणं सगळ्या दाव्याला भोवतं.

आपल्या घरांत आणखी एक घोळ असतो. औषध नियमित चालू असतं, पण भारतातून आणलेल्या पॅन-डी किंवा ओमेझच्या पट्ट्यांवर, नाहीतर दुकानातून विनाचिठ्ठी घेतलेल्या ओमेप्राझोलवर. व्हीएच्या नोंदीत रोजच्या औषधाचा मागमूस नाही, आणि नोंदीत नाही ते सिद्ध करणं अवघड. पुढच्या भेटीत औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि कधीपासून घेता ते यादीत चढवून घ्या. सुट्टीत पुण्या-मुंबईत केलेल्या एंडोस्कोपीचा अहवालही स्वतःच जोडा.

‘असू शकतं’ म्हणणारं डॉक्टरांचं पत्र

सेवेत तक्रारीची नोंद नसेल तरी आधी मान्य झालेल्या आजारामुळे जीईआरडी झाला, असा दुय्यम दावा अमेरिकी नियमावलीतल्या ३८ सीएफआर ३.३१० खाली करता येतो. गुडघा किंवा पाठीसाठी वर्षानुवर्षं घेतलेलं आयबुप्रोफेन वा नेप्रोक्सेन, पीटीएसडी (आघातानंतरचा मानसिक ताणाचा विकार) आणि त्याची औषधं, किंवा दुखण्यामुळे हालचाल थांबून वाढलेलं वजन हे नेहमीचे मार्ग. वजन वाढणं हा मधला दुवा चालतो, हे व्हीएच्याच जनरल काउन्सेलने (मुख्य कायदेशीर सल्लागाराने) २०१७ मध्ये मान्य केलं आहे.

पत्र बहुतेकदा भाषेत मार खातं. ‘संबंध असू शकतो’ हा अंदाज झाला. शक्यता किमान निम्मी तरी आहे, असं ते म्हणायला हवं. बाजू समसमान असतील तर संशयाचा फायदा तुम्हाला मिळतो. डॉक्टरांनी फाइल वाचल्याचं लिहावं, कोणतं औषध किती मात्रेत किती वर्षं चाललं ते सांगावं, आणि कारण द्यावं. आजार ‘झाला’ का आणि ‘बळावला’ का, या दोन्ही प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं हवीत. दुसरं हमखास राहून जातं. व्हीएच्या तपासनिसाच्या अहवालातही तेच राहिलेलं असेल, तर ती पकडण्याजोगी चूक आहे.

रस्ता चुकणं

अशी चूक फाइलमध्येच असेल तर हायर-लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठाकडून फेरतपासणी), फॉर्म २०-०९९६. तिथे नवा कागद चालत नाही, पण फोनवर अनौपचारिक चर्चा मागता येते. ती मागाच आणि अपुऱ्या अहवालाचं पान दाखवा. नवं पत्र किंवा एंडोस्कोपी असेल तर सप्लिमेंटल क्लेम (नव्या पुराव्यासह पूरक दावा), फॉर्म २०-०९९५. व्हीएच्या अपील बोर्डाकडे जायचं तर फॉर्म १०१८२. त्यात थेट पुनर्विलोकनाची रांग निवडून पुरावा पाठवला तर तो वाचलाच जात नाही. पुराव्याच्या रांगेत ९० दिवस मिळतात.

आखाती युद्ध आणि पॅक्ट कायद्यावर विसंबणं

आखाती युद्धाच्या गृहीतकात (ठरावीक आजार सेवेमुळेच झाले असं धरून चालण्याच्या नियमात) आयबीएससारखे (आतड्यांच्या चिडचिडीसारखे) पचनाचे कार्यात्मक विकार येतात. जीईआरडी संरचनात्मक धरला जातो, म्हणून वगळला आहे. विषारी धूर-रसायनांशी संपर्क आलेल्या माजी सैनिकांसाठीच्या २०२२ च्या पॅक्ट कायद्याच्या यादीत पचनसंस्थेचे कर्करोग आहेत, जीईआरडी नाही. कचरा जाळण्याच्या खड्ड्यांजवळ काम केलं असेल तरी वैद्यकीय मत लागणारच. आयबीएसही असेल तर तो वेगळा मागा: पूर्वी दोन्हींचं मिळून एकच रेटिंग व्हायचं, ७२०६ आल्यापासून वेगवेगळी मिळू शकतात.

मिळालेलं ३० टक्के स्वतःहून उकरणं

जुन्या नियमाने ३० किंवा ६० टक्के असतील तर वाढ मागण्याआधी थांबा. निकष बदलले एवढ्यावर रेटिंग कमी करता येत नाही, पण प्रकृती सुधारल्याचं दिसलं तर येतं, आणि वाढीचा अर्ज म्हणजे नव्या तपासणीला आमंत्रण. पाच वर्षं टिकलेल्या रेटिंगला जास्त संरक्षण आहे. डायलेटेशन, स्टेंट किंवा शस्त्रक्रिया यांपैकी काही झालेलं नसेल तर नव्या निकषांत वर जायला वाव जवळजवळ नाही.

मदतीला मान्यताप्राप्त व्हीएसओ (माजी सैनिकांच्या सेवा संस्थेचा) प्रतिनिधी घ्या. ते फुकट असतात. वकील पहिल्या निर्णयानंतरच फी घेऊ शकतो आणि थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी धरली जाते. अर्ज भरायचेच आगाऊ पैसे मागणाऱ्या ‘सल्लागारा’चं नाव व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते सहीआधी पाहा.